पायाळूचा डावा हात

लखनौच्या महानगर वस्तीत श्रीपत खोब्रागडे यांचं घर विचारलं तर कोणाला सांगता येत नाही. 'लात वाले साहब' विचारलं तर कपूरथला बाजारातला पानवाला दुकान सोडून गेटपर्यंत पोचवायला येतो, आणि वाटेत स्वतःच्या कमरेची हकीकतही सांगतो.

श्रीपतरावांनी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात एकतीस वर्षं नकाशे काढले. गोमतीचं पात्र त्यांनी इतक्या वेळा काढलं की पुराच्या दिवसांत नदीने आपल्याला न विचारता वळण बदललं, अशी तक्रार ते गंभीर चेहऱ्याने करत. पण या कामाची आठवण लखनौत कोणालाही नाही. त्यांची कीर्ती आहे ती अशा एका घटनेवर, जी त्यांना स्वतःलाच आठवत नाही. सत्तावन साली, भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, ते पायाकडून जन्मले.

पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे बरंच काही बोललं जातं. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, आभाळ गडगडलं की त्याने अंगणात उभं राहू नये, आणि कमरेत उसण भरलेल्या माणसाला त्याने तीनदा लाथ लावली की उसण उतरते. श्रीपतरावांच्या वडिलांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. छप्पन साली नागपूरला जाऊन ते दीक्षा घेऊन आले आणि घरातले नवस, उतारे, अंगारे-धुपारे त्यांनी एका दिवसात बाहेर काढले. वर्षभरात हा मुलगा झाला. अंधश्रद्धा घराबाहेर काढता येते. ती घरातच जन्माला आली तर काय करायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

श्रीपतरावांनी पुढे आपल्यापुरता तोडगा काढला. "मी मानत नाही," ते म्हणत. "पण समोरचा मानतो, आणि त्याची कमर दुखते. माझा पाय तर रिकामाच असतो."

अठ्ठ्याऐंशी साली बदली होऊन ते लखनौच्या चारबाग स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांना वाटलं होतं, सुटलो. पण महाराष्ट्र आणि अवध यांचं भाषा, भात, चहातली साखर यांपैकी कशावरही एकमत नसलं तरी उलट्या जन्मलेल्या माणसाच्या लाथेवर पूर्ण एकमत आहे, हे त्यांना तिसऱ्याच आठवड्यात कळलं. ऑफिसातले मोठे साहेब टेबलावर वाकले ते वाकलेलेच राहिले. इकडे लोक त्याला 'चनक' म्हणतात. श्रीपतरावांच्या तोंडून आपला जन्मवृत्तान्त निसटला, आणि मग पायाला निवृत्ती मिळालीच नाही. नोकरीतून मिळाली, पायाला नाही.

दर रविवारी सकाळी सात ते आठ, गेटच्या आत, चटईवर. फरक एवढाच की नागपूरकडचा माणूस पालथा पडून म्हणतो, "हाण." लखनौचा माणूस पालथा पडल्यावरही म्हणतो, "हुज़ूर, ज़हमत न हो तो एक लात इनायत फ़रमा दीजिए." त्यावर श्रीपतराव म्हणत, "अरे साहब, शर्मिंदा मत कीजिए," आणि हाणत.

सगळ्यांत निष्ठावान रुग्ण म्हणजे शेजारचे नरेंद्र श्रीवास्तव, अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांची कमर थंडीत गारठ्याने धरायची, उन्हाळ्यात कूलर सरकवल्याने, पावसाळ्यात शिंकल्याने. अख्ख्या गल्लीत एकच पाठ अशी होती जिला तो पाय कधी लागला नाही. ती शैलाबाईंची, म्हणजे श्रीपतरावांच्या पत्नीची. "नवऱ्याची लाथ खायले मी नागपूरहून इथं आली नाही," असं त्यांनी लखनौत आल्यावर पहिल्याच वर्षी स्पष्ट केलं होतं. त्यानंतर दोनदा त्यांची कमर धरली, दोन्ही वेळा त्या आठवडाभर वाकून चालल्या आणि स्वाभिमानाने बऱ्या झाल्या.

या पायापुढे श्रीपतरावांच्या डाव्या हाताकडे कोणाचं लक्ष जात नसे. हात किंचित बारीक होता आणि खांद्याच्या वर जात नसे. कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: लखनौत पाय ठेवला त्याच दिवशी चारबागसमोर टांगा उलटला. घोडा बुजला, चाक निखळलं, श्रीपतराव ट्रंकेसकट रस्त्यावर. किस्सा चांगला होता आणि दर वर्षी आणखी चांगला होत होता.

तर अशा घरात मागच्या पौषात त्यांची मुलगी प्राची बाळंतपणाला आली. आली म्हणजे गोमती ओलांडून आली. तिचं सासरचं घर गोमतीनगरला. प्राची बँकेत कर्जाच्या अर्जांची छाननी करते. पुरावा असल्याशिवाय ती स्वतःच्या वडिलांचंही ऐकत नाही, पण सुईला मात्र लहानपणापासून घाबरते. लसीच्या वेळी शाळेतून पळून ती एकदा थेट निशातगंजच्या पुलापर्यंत गेली होती. तिचा नवरा आशुतोष संगणकाच्या कंपनीत. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देतो, आणि प्रत्येक गोष्टीवर कुठेतरी संशोधन झालं असणारच, या श्रद्धेवर जगतो.

छत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कळलं की बाळ उलटं आहे. डोकं वर, बैठक खाली, दोन्ही पाय सरळ वर नेऊन अंगठे कपाळाला लावलेले.

डॉक्टर निगहत रिज़वी यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. पन्नाशीच्या बाई, आवाज शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. "देखिए, कैसे इत्मीनान से बैठे हैं. जैसे पान आने वाला हो."

मग त्यांनी सरळ सांगितलं. पुढच्या आठवड्यात पोटावरून हात लावून बाळ फिरवायचा प्रयत्न करता येईल. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर दोन रस्ते. "ऑपरेशन में बच्चे का ख़तरा कुछ कम है. आपके लिए चीरा है, उसकी तकलीफ़ है, और अगली बार भी उस टाँके का हिसाब रखना पड़ेगा. नॉर्मल में यह सब नहीं. लेकिन सबसे बड़ी चीज़, सिर, सबसे आख़िर में आता है. हाथ या सिर अड़ जाए तो वक़्त बहुत कम मिलता है. दोनों रास्तों पर लोग चलते हैं. आप सोचकर बताइए." दाराशी आल्यावर त्यांनी जोडलं, "और सोचने के लिए मोहल्ला मत बुलाइएगा."

पण मोहल्ला तोपर्यंत आलेला होता. श्रीपतरावांनी दुधाच्या बूथवर नरेंद्र बाबूंना बातमी सांगितली होती. चिंतेची म्हणूनच सांगितली. पण सांगताना छाती जराशी पुढे आली, हे त्यांना स्वतःला कळलं नसलं तरी नरेंद्र बाबूंना कळलं.

"मुबारक हो!" नरेंद्र बाबू म्हणाले आणि दुधाची पिशवी कपाळाला लावली.

सदतिसाव्या आठवड्यात बाळ फिरवायचा कार्यक्रम झाला. प्राचीने पोट सैल करायच्या सुईसाठी डोळे मिटून घेतले. डॉक्टरबाईंनी दोन्ही हात पोटावर ठेवून पोळीची कणीक फिरवावी तसं हलकेच बाळाला वळवायला सुरुवात केली. आशुतोष यंत्रावरचे बाळाचे ठोके मोठ्याने मोजत होता. त्याला गप्प बसवण्यात आलं. बाळ चतकोर फिरलं, अर्धं फिरलं, तिथे जरा थांबलं, तिकडची परिस्थिती पाहून घेतली आणि सावकाश परत आपल्या जागेवर येऊन बसलं. दुसऱ्यांदा तेच. सरकारी भाषेत याला 'जैसे थे' म्हणतात.

डॉक्टरबाईंनी कपाळ पुसलं. "आपके ख़ानदान में सब ऐसे ही हैं?"

"नाही, फक्त हे," शैलाबाई नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरेंद्र बाबू चौकातून मातीच्या वाडग्यात मक्खन मलाई घेऊन आले. लखनौच्या थंडीत मिळणारा हा दुधाचा फेस तोंडात ठेवताच नाहीसा होतो, त्यामुळे नाजूक विषय काढायच्या आधी तो देण्याची पद्धत आहे. वाटाघाटी फिसकटल्या तरी परत काही मागता येत नाही.

"खोब्रागडे साहब," ते खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले, "भगवान आपको सौ साल दे. मगर अड़सठ के तो आप हो ही गए. परसों लात मारते हुए आपका घुटना बोला था, मैंने नीचे से साफ़ सुना."

"वो चटाई की आवाज़ थी."

"चटाई मेरी है, साहब. चटाई नहीं बोलती." नरेंद्र बाबूंनी आवाज खाली आणला. "सवाल यह है कि आपके बाद मोहल्ले की कमर कौन देखेगा? ऊपरवाले ने ख़ुद इंतज़ाम किया है. अब बिटिया कहीं ऑपरेशन न करा ले. ऑपरेशन वाला बच्चा, माफ़ कीजिएगा, खिड़की से उतारा हुआ बच्चा है. दरवाज़े से आए, तब असर है."

"पण पाय नाही, बैठक पुढे आहे," श्रीपतराव हिंदीत म्हणाले.

"तो क्या हुआ? तशरीफ़ पहले ला रहा है. लखनऊ का बच्चा है."

आतून शैलाबाईंचा आवाज आला, "नरेंद्रभाईसाहब, आपकी कमर के लिए मेरी बेटी बैठी है क्या?" वाटाघाटी तिथेच संपल्या. मक्खन मलाई आधीच संपली होती.

श्रीपतराव म्हणाले, निर्णय प्राचीचा. ते खरंही होतं. पण दुपारी उन्हात खुर्ची टाकून ते बसले की डोळ्यांसमोर चटई दिसायची, चटईवर नरेंद्र बाबूंची रुंद पाठ, आणि त्या पाठीवर एक चिमुकलं पाऊल. एकतीस वर्षांत कोणत्याही नकाशावर त्यांचं नाव छापलं गेलं नव्हतं. कोपऱ्यात आद्याक्षरं असत, तीही साहेबांची. माणसाला मागे काहीतरी ठेवून जावंसं वाटतं. काही लोक घर ठेवतात, काही लोक पुस्तकं ठेवतात.

शुक्रवारी जेवताना प्राचीने जाहीर केलं. "मैंने सोच लिया. कळा येऊ देऊ. नॉर्मलच करायचं."

आशुतोषचा घास थांबला. "प्राची, मैंने चौदह पेज निकाले हैं, एक बार पढ़ तो..."

"चौदा पानं कशाला? एक केस माझ्यासमोर बसून वरण-भात खाऊन राहिली आहे." तिने बापाकडे चमचा केला. "खेडं, कंदील, ना डॉक्टर ना मशीन, एक म्हातारी दाई. आणि बघ. अड़सठ साल, फ़र्स्ट क्लास. आमच्या रक्तातच आहे ते. हो ना, बाबा?"

"सैम्पल साइज़ एक है," आशुतोष पुटपुटला.

"पण सैम्पल घरचं आहे."

श्रीपतरावांचा डावा हात टेबलाखाली होता. तो तिथेच राहिला. "हं," ते म्हणाले.

त्यांच्या घरात 'हं' हे मंजुरीचं पत्र समजलं जातं. प्राचीने दुसऱ्यांदा भात घेतला.

जेवणं झाल्यावर शैलाबाई ओट्याशी भांडी लावत होत्या. श्रीपतराव उगाच पाणी प्यायला आत गेले.

"अहो, टांगा कधी उलटला होता?" शैलाबाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी. तुला माहीत आहे."

"आणि आपलं लग्न?"

"शहाऐंशी." उत्तर देऊन झाल्यावर श्रीपतरावांना प्रश्नाची दिशा कळली, पण तोवर उशीर झाला होता.

"लग्नात तुम्ही हार घालताना मी मान खाली घातली होती. आठवते? मंडप खूश. तुमची आत्या दोनदा म्हणाली, पोरगी किती वळणाची आहे, किती वाकून राहिली." शैलाबाईंनी पातेलं पालथं घातलं. "मी काही वळणाची नव्हती. तुमचा हात वर येऊन राहिला नव्हता. हार माझ्या नाकाला अडकला होता."

श्रीपतरावांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे तुला..."

"अडतीस वर्षं टांगा ऐकून राहिली मी. घोड्याचा रंग तीनदा बदलला."

"मग कधी बोलली काहून नाहीस?"

"तेव्हा तुमच्या हाताचा प्रश्न होता. तुमचा हात, तुमचा टांगा. मले काय करायचं? आता पोरीच्या पोटाचा आहे." त्या वळल्या. "तिनं काहीही ठरवो. ऑपरेशन करो, नाही करो. पण हिशेब करताना आकडा तरी खरा द्या तिले."

शनिवार श्रीपतरावांनी गच्चीवर काढला. धुकं असल्याने तिथून काहीच दिसत नव्हतं, तरी ते बराच वेळ बघत होते.

रविवारी सकाळी सात वाजता नरेंद्र बाबू मफलर, कानटोपी आणि स्वतःची चटई घेऊन हजर झाले. कमर शुक्रवारीच धरली होती. पण त्यांनी वार मोडला नाही. ते पालथे पडले आणि गालाखाली हात घेऊन म्हणाले, "करम फ़रमाइए."

प्राची शाल गुंडाळून बाहेर आली. तिच्यासाठी खुर्ची आणली गेली. ती पोटाशी बोलली, "देख, नाना का काम देख. सीख ले."

श्रीपतरावांनी उजव्या हाताने गेट धरलं, उजवा पाय उचलला, नरेंद्र बाबूंच्या कमरेवर ठेवला. आणि तो तिथेच राहिला.

"प्राची," ते म्हणाले, "माझा टांगा कधी उलटला नाही."

"क्या?" प्राची म्हणाली.

"क्या?" चटईवरून नरेंद्र बाबू म्हणाले.

"हा हात जन्मताना गेला." श्रीपतराव गेटच्या गजाकडे बघून बोलत होते. एकदा सुरू झाल्यावर नकाशावर रेघ मारावी तसे न थांबता बोलत गेले. "आठवीत होतो. कवायतीत दोन्ही हात वर करा म्हटलं की माझा एकच जायचा. मास्तरनं मारलं. घरी येऊन आईला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. पाय आले, कंबर आली, तिथवर सगळं बरोबर. मग हात डोक्याशेजारी वर अडकले. दाईनं ओढलं. डोकं निघायलाही वेळ लागला. निघालो तेव्हा निळा होतो, रडत नव्हतो. हात ओल्या चिंधीसारखा लोंबत होता. आई तीन महिने बाजेवरून उठली नाही. त्यानंतर तिला मूल झालं नाही." "गाव बघायला यायचं. सगळे पाय बघायचे. हात दुपट्यात असायचा."

गल्लीतून सायकलवरून भाजीवाला ओरडत गेला. पहिला आवाज आला तो जमिनीवरून.

"तो ताँगा नहीं उलटा था?"

"नहीं, नरेंद्र बाबू."

"और घोड़ा?"

"घोड़ा भी नहीं था. मैं चारबाग़ से पैदल आया था."

"मैंने वह क़िस्सा चार शादियों में सुनाया है, साहब," नरेंद्र बाबू म्हणाले. "एक में तो रो भी दिया था."

प्राची खुर्चीतून उठली. बापासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, हाथ ऊपर करो."

श्रीपतरावांनी डावा हात उचलला. खांद्याच्या रेषेत येऊन तो थांबला. अडतीस वर्षं शेजारी, बत्तीस वर्षं मुलगी, कोणी तो असा थांबताना नीट पाहिलाच नव्हता. प्राचीने आपला हात त्यांच्या हाताशेजारी धरला, तो सरळ वर नेला, मग पुन्हा खाली आणून त्यांच्या हाताइतका केला.

"इतकाच?"

"इतकाच."

"मला वेणी घालायचे ना तुम्ही शाळेत जाताना? पाटावर बसवून."

"हो. तू उभी राहिली की हात पोचत नसे."

प्राचीने शाल सारखी केली. "शुक्रवारी का नाही बोललात?" तिचा आवाज चढला. "मी विचारलं होतं तुम्हाला. सीधा पूछा था. तुम्ही 'हं' म्हणालात!"

श्रीपतरावांचा पाय अजून नरेंद्र बाबूंच्या कमरेवर होता, तो काढायचंही त्यांना सुचलं नाही.

"बिटिया," चटईवरून आवाज आला, "ग़ुस्सा जायज़ है. मगर ज़रा जल्दी कर लो. ज़मीन बहुत ठंडी है."

प्राचीला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडूही. ती आत निघून गेली. श्रीपतरावांनी मग तीन लाथा लावल्या. नरेंद्र बाबू उठले, कंबर चाचपली, चटई गुंडाळली. "आज हल्की थी," ते म्हणाले, आणि जाता जाता प्रथमच श्रीपतरावांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून गेले.

सोमवारी डॉक्टरबाईंसमोर आशुतोषने चौदा पानं काढली. प्राचीने ती त्याच्या हातातून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

"मॅडम, एकच प्रश्न. पिछले साल आपने अपने हाथ से ऐसे कितने नॉर्मल कराए? उलटे बच्चे वाले."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "यह कोई पूछता नहीं," त्या म्हणाल्या. "दो. दोनों में औरत पहुँची तब बच्चा आधा बाहर था. मेरी उस्ताद थीं, उन्होंने सैकड़ों कराए होंगे. उनके हाथ जानते थे कि कब कुछ नहीं करना है. वो रिटायर हो गईं. फिर सब जगह ऑपरेशन होने लगे, तो हम लोगों के हाथ सीखते किस पर?"

"त्या असत्या तर?"

"तो मैं कहती, कोशिश कर लीजिए. बच्चे का वज़न ठीक है, बैठा भी ढंग से है. ग़लत रास्ता वह भी नहीं है. मैं भी कर लूँगी, मना नहीं करूँगी. मगर आपने पूछा है तो झूठ नहीं बोलूँगी."

प्राचीने वडिलांकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडेही नाही. आपल्या पोटाकडे पाहिलं, आणि कर्जाच्या अर्जावर शेवटचा शेरा मारावा तसं म्हणाली, "तो ऑपरेशन." परतताना गाडीत ती सुईच्या आठवणीने कपूरथल्याच्या सिग्नलपर्यंत रडली. सिग्नल हिरवा झाल्यावर तिने नाक पुसलं आणि खस्ता कचौरी मागितली.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, बाळ आलं. आधी बैठक, मग पाय, मग हात, शेवटी डोकं; क्रम त्याने शेवटपर्यंत बदलला नाही. मुलगी. रडण्याचा आवाज बाहेर बाकापर्यंत आला.

नर्सने गुंडाळलेलं गाठोडं बाहेर आणलं. लोक सहसा मुलगा-मुलगी विचारतात, वजन विचारतात, रंग विचारतात. श्रीपतरावांनी विचारलं, "दोनों हाथ उठाती है?"

"अभी-अभी पैदा हुई है, बाबूजी. अभी से सलाम करवाएँगे?"

"एक बार दिखा दीजिए," श्रीपतराव म्हणाले. अडतीस वर्षं लखनौत राहून त्यांनी कोणाला इतक्या अजिजीने काही मागितलं नव्हतं.

नर्सने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुपटं उलगडलं. थंडी अंगाला लागताच मुलगी दचकली आणि तिने दोन्ही हात एकदम वर फेकले. डोक्याच्याही वर. बोटं पसरलेली, जणू कोणीतरी सगळं श्रेय तिला देत होतं आणि ती नको नको म्हणत होती.

"सिमेट्रिकल है," आशुतोष म्हणाला. हे त्याने कुठे वाचलेलं नव्हतं.

श्रीपतराव बाकावर बसले. शैलाबाईंनी त्यांच्या हातात रुमाल दिला, आणि तो डाव्या हातात दिला.

दुपारी नरेंद्र बाबूंचा फोन आला. अभिनंदन, आशीर्वाद, प्राचीची चौकशी, सगळं यथासांग झालं. मग जराशी खाकरणी. "साहब, एक बात. आई तो खिड़की से है. मगर आई तो उलटी ही है. गिनी जाएगी?"

"कमिटी बैठाइए," श्रीपतराव म्हणाले आणि फोन ठेवला.

प्राची घरी आल्याच्या चौथ्या दिवशी शैलाबाई पाळण्यातून नातीला काढून श्रीपतरावांच्या मांडीवर ठेवायला वाकल्या. नवऱ्याचा डावा हात पुरता वर येत नाही हे धरून त्या नेहमीपेक्षा चार बोटं जास्त वाकल्या. मुलगी सुखरूप मांडीवर पोचली. शैलाबाई तिथेच राहिल्या.

"आई?" पलंगावरून प्राची म्हणाली.

"धरली," शैलाबाई जमिनीला उद्देशून म्हणाल्या.

श्रीपतरावांचा उजवा पाय सवयीने चपलेतून बाहेर आला.

"खबरदार!" शैलाबाईंना मान वर करता येत नव्हती, पण चपलेचा आवाज त्यांनी ओळखला. "एवढी वर्षं वाचवली ही पाठ. तो पाय आत घाला."

पाय आत गेला. आशुतोषने खिशातून फोन काढला आणि शोधण्याजोगं काही नाही हे लक्षात येऊन परत ठेवला. शैलाबाई फरशीच्या एकाच चौकोनाकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "तिले आणा."

श्रीपतरावांनी नातीला उजव्या हातावर घेतलं. आशुतोषने तिचा पायमोजा काढला. भुईमुगाच्या शेंगेएवढं पाऊल आजीच्या कमरेला लागलं. एक. दोन. तिसऱ्या वेळी तिने स्वतःहून झटकलं.

शैलाबाई सावकाश सरळ झाल्या. का झाल्या, हे विचारायची त्या घरात पद्धत नाही. त्यांनी पदर नीट केला, सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नरेंद्रभाईसाहबांले यातलं अक्षर कळता कामा नये."

"आणि कोणी विचारलं," श्रीपतराव म्हणाले, "की सकाळी दारातून वाकलेली दिसली होती, आता सरळ कशी, तर?"

शैलाबाई स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. दाराशी थांबल्या.

"टांगा सांगा," त्या म्हणाल्या.